कुठं मोठं वाजतंय?

मॅगझिनच्या मित्राने लेख मागितला. कविता नको म्हणाला, कवितांनी त्याची फाइल फुगली आहे आणि त्यातल्या निम्म्या पावसावर आहेत. मी म्हटलं, मला एकाच विषयावर लिहिता येईल, वायरीवर. तो म्हणाला, चालेल, वायरीवर अजून कोणी दिलेलं नाही. तेव्हा ही गोष्ट वायरीची. नेमकं सांगायचं तर सेकंड इयर संपल्यावरच्या सुट्टीत मी एक वायर तोडली, जी तोडायची नव्हती, तिची.

आमचे अण्णा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खात्याची २००० साली बीएसएनएल झाली, पण आमच्या घरात ते शेवटपर्यंत 'खातं'च राहिलं. ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्ती घेऊन देशभरातले ७८ हजारांवर कर्मचारी एकाच दिवशी घरी आले, त्यांत अण्णाही आले. आईला वाटलं, चला, आता घरात माणूस दिसेल. आठ दिवस दिसला. नवव्या दिवशी अण्णांनी जुनी खाकी पिशवी झटकली, स्कूटरला किक मारली आणि फलटणमधल्या एका दुकानाचा बंद पडलेला इंटरकॉम चालू करून आले. लॉकडाऊनचे महिने सोडले तर तेव्हापासून हेच. इंटरकॉम, सीसीटीव्ही, दुकानातलं लॅन. जिथे वायर तिथे अण्णा. आणि सुट्टी लागली की मी त्यांचा हेल्पर. पगार शून्य, वडापाव रोज.

वायरींशी माझी ओळख तशी जुनी. शाळेत पाढे यायच्या आधी मला केबलचे रंग यायचे. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा. हे पाच एका बाजूला आणि पांढरा, लाल, काळा, पिवळा हे चार दुसऱ्या बाजूला. पाच चोक वीस, वीस जोड्या. जेली भरलेल्या केबलचे तुकडे अण्णा घरी आणायचे आणि मी त्यातल्या रंगीत तारांचे बैल करायचो. हाताला लागलेली ती जेली साबणाने जात नाही, रॉकेलने जाते, हे ज्ञानही मला तेव्हापासूनच आहे. (आईचं मत : हे ज्ञान पोराला देण्यापेक्षा त्याला शुभंकरोती शिकवायला हवं होतं.)

आता मुख्य वस्तूकडे येतो. अण्णांच्या पिशवीत क्रोन टूल, कटर, टेस्टर, चिकटपट्टी, मार्कर पेन असं सगळं असतं, पण सगळ्यात ऐटीची वस्तू म्हणजे टोनर आणि प्रोब. प्रोबला अण्णा 'कांडी' म्हणतात. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या जनतेसाठी थोडक्यात सांगतो. भिंतीतून, छतावरून, पट्टीतून गेलेली वायर दिसत नाही. वरच्या खोलीत तिचं एक टोक दिसतं आणि खाली रिसेप्शनच्या मागे चाळीस टोकं एकत्र लोंबत असतात. त्यातलं हिचं टोक कुठलं? टोनर ही एक छोटी डबी. आत ९ व्होल्टची बॅटरी, बाहेर लाल आणि काळा असे दोन चिमटे. चिमटे वरच्या टोकाला लावायचे. डबी त्या वायरीत एक किलोहर्ट्झच्या आसपासचा, दोन सुरांमध्ये हेलकावणारा सिग्नल सोडते. मग खाली यायचं आणि कांडी त्या चाळीस टोकांवरून फिरवायची. कांडी म्हणजे जाड पेनासारखी वस्तू, पोटात अॅम्प्लिफायर आणि एवढासा स्पीकर. वायर सोलायची गरज नाही, नुसतं जवळ न्यायचं. जिच्यात सिग्नल असतो तिच्याजवळ गेलं की कांडी ओरडायला लागते, कुईं-कुईं-कुईं-कुईं. दोन सूर अशासाठी की लाइटच्या ५० हर्ट्झची घूंऽऽ कुठल्याही इमारतीत कांडीला ऐकू येतेच. त्या घूंमधून हलणारा सूर कान लगेच वेचून काढतो.

हे नव्हतं तेव्हा दोन माणसं लागायची. एक वर, एक खाली. वरचा दोन तारा एकमेकींना लावणार, खालचा मीटर लावून बघणार आणि "लागली काऽऽ?" "नाय अजूऽऽन!" असा संवाद अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाणार. अण्णा म्हणतात, त्या काळात लाइनमनचे घसे चांगले होते.

पहिल्याच दिवशी मी अण्णांना इंजिनिअरिंगचं ज्ञान दिलं. म्हटलं, "हे इंडक्शन आहे, अण्णा. फॅरेडेचा नियम." अण्णा म्हणाले, "असंल." धंद्यात या कांडीला इंडक्टिव्ह अॅम्प्लिफायरच म्हणतात, त्यामुळे माझं खपूनही गेलं असतं. पण दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसून छताची फळी धरून ठेवताना (हेल्परचं ऐंशी टक्के काम म्हणजे काहीतरी धरून ठेवणं) डोक्यात आलं की वायरीचं दुसरं टोक तर मोकळं आहे. सर्किट पूर्ण नाही, म्हणजे करंट जवळजवळ नाहीच. करंट नाही तर मॅग्नेटिक फील्ड कुठून येणार? मग कांडी का ओरडते? अर्ध्या तासाने ट्यूब पेटली. व्होल्टेज आहे ना! तांब्याची तार ही एक प्लेट, कांडीचं टोक ही दुसरी प्लेट, मध्ये पीव्हीसी आणि हवा. हा कपॅसिटर झाला. समजा एक पिकोफॅरडचा. १ किलोहर्ट्झला त्याचा रिअॅक्टन्स साधारण १५९ मेगाओम. एवढ्या अडथळ्यातून जो थेंबभर सिग्नल येतो तो पकडायचा म्हणून आतल्या अॅम्प्लिफायरचा इनपुट इम्पिडन्स प्रचंड ठेवावा लागतो. जर्नलमध्ये आम्ही सगळ्यांनी एकाच्या वहीवरून उतरवलेलं 'हाय इनपुट इम्पिडन्स इज डिझायरेबल' हे वाक्य मला फॉल्स सीलिंगच्या धुळीत समजलं. आणि लोखंडी पाइपातून गेलेली वायर कांडीला का सापडत नाही, हेही समजलं. पाइप फील्ड बाहेर येऊच देत नाही.

अण्णांना हे कागदावर येत नाही, पण हाताला येतं. टेलिफोनची वायर म्हणजे एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा. दोन्ही चिमटे त्याच जोडीला लावले तर दोन तारांची फील्ड उलटसुलट होऊन एकमेकींना मारतात आणि लांबवर आवाज बारीक होतो. म्हणून शोधताना अण्णा लाल चिमटा एका तारेला आणि काळा अर्थला लावतात. आवाज खणखणीत होतो. पण खणखणीत आवाजाचा तोटा असा की तो शेजारच्या वायरींमध्येही झिरपतो. एकाच पट्टीतून वीस मीटर शेजारी शेजारी गेलेल्या वायरी, त्या एकमेकींच्या कपॅसिटर झालेल्या असतात. मग एकीऐवजी चार वायरी गायला लागतात. त्यातली सगळ्यात मोठी गाते ती आपली असण्याचा संभव. संभव हं. खात्री करायची तर वर जायचं, दोन्ही चिमटे त्याच जोडीवर लावायचे, खाली येऊन जोडीच्या दोन तारा सोलून एकमेकींना टेकवायच्या. आवाज गप झाला तर ती आपली वायर. अण्णांनी हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. "वाजली म्हणून तोडायची न्हाय. गप करून बघायची, मग तोडायची."

मी मान हलवली होती.

काम होतं आमच्या भागातल्या एका जुन्या नर्सिंग होममध्ये. तीन मजले, चौदा-पंधरा खोल्या. इमारत एकदा वाढवलेली, एकदा दुरुस्त केलेली, प्रत्येक वेळी नव्या माणसाने नव्या वायरी टाकलेल्या आणि जुन्या तशाच ठेवलेल्या. लेबल एकालाही नाही. ज्याने शेवटची वायरिंग केली तो गाव सोडून गेलेला. (हे मी नंतरही बऱ्याच ठिकाणी पाहिलं. वायरिंग करणारा माणूस नेहमीच गाव सोडून गेलेला असतो.) डॉक्टरांना नवा इंटरकॉम बसवायचा होता आणि रिसेप्शनच्या मागचं ते वायरींचं जंगल साफ करून हवं होतं. मेलेल्या वायरी काढायच्या, जित्या ठेवायच्या, प्रत्येकीला नंबर द्यायचा.

दोन दिवस मजेत गेले. मी वर जाऊन चिमटे लावायचो, खाली यायचो, कांडी फिरवायचो. अण्णा शेजारी उभे राहून विचारायचे, "कुठं मोठं वाजतंय?" मी बोट दाखवायचो. ते कांडी हातात घ्यायचे, कानाशी धरायचे, दोन वायरींवर फिरवायचे आणि म्हणायचे, "बरोबर." मला मस्त वाटायचं. लहानपणी पाढे म्हणून घ्यायचे तसे ते माझी परीक्षा घेतायत आणि मी पास होतोय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात नंबरची खोली राहिली होती. ती दुसऱ्या मजल्यावर. आत कमरेचं ऑपरेशन झालेल्या एक आजी झोपलेल्या. पलंगामागच्या जुन्या रोझेटमधल्या जोडीच्या एका तारेला लाल चिमटा लावला. काळ्यासाठी अर्थ शोधायला लागलो. नेहमी जवळच्या सॉकेटमधून घ्यायचो, पण तो आजींच्या पलंगाच्या मागे अडकलेला. त्यांना हलवायचं जिवावर आलं. शेजारच्याच छोट्या बॉक्समधून एक उघडी तार डोकावत होती, हिरवट रंगाची. हिरवी म्हणजे अर्थ. लावला चिमटा.

ती अर्थ नव्हती. ती बेलची तार होती. आजींच्या उशाशी जे बटण होतं, जे दाबलं की खाली सिस्टरांच्या टेबलावर दिवा लागून बेल वाजायची, त्या बारा व्होल्टच्या बेलची.

म्हणजे मी टोनरचा एक चिमटा टेलिफोनच्या वायरीला आणि दुसरा बेलच्या वायरीला लावला. आता दोघीही सारख्याच जोरात गाणार होत्या. खाली आलो. टेलिफोनची वायर जुडग्याच्या आत खोलवर, बेलची बाहेरच्या बाजूला. कांडी बाहेरच्या वायरीवर ठेवली तर अशी ओरडली की रिसेप्शनवरच्या बाईंनी वर पाहिलं. आतून दुसराही आवाज येत होता, पण माझ्या मते तो झिरपलेला. साडेसात वाजून गेले होते. खात्री करायची तर पुन्हा दोन मजले चढायचे, चिमटे बदलायचे, पुन्हा आजींना त्रास. शिवाय दोन दिवसांत माझं एकदाही चुकलं नव्हतं.

"कुठं मोठं वाजतंय?" अण्णांनी विचारलं.

"ही. एकदम खणखणीत."

अण्णांनी कांडी घेतली, कानाशी धरली, त्या वायरीवर फिरवली, शेजारच्या दोघींवर फिरवली. क्षणभर थांबले.

"हीच ना?"

"हीच, अण्णा."

"मग तोड."

तोडली. वर जाऊन चिमटे काढले, आजींना "येतो" म्हटलं, आणि घरी येऊन दोन ताटं पिठलं-भाकरी खाल्ली.

सकाळी सातला फोन आला. रात्री दीडच्या सुमाराला आजींना बाथरूमला जायचं होतं. त्यांनी बटण दाबलं. थांबल्या, पुन्हा दाबलं. सोबतीला आलेली सून त्या रात्री पोराला ताप म्हणून घरी गेली होती. आजींना उठायची परवानगी नव्हती. हाक मारायचा प्रयत्न केला, पण दार लोटलेलं आणि आवाज क्षीण. शेवटी त्यांनी उशाशी ठेवलेला स्टीलचा पेला घेतला आणि पलंगाच्या दांडीवर वाजवायला सुरुवात केली. आठ नंबरमधल्या पेशंटच्या नातेवाइकाला जाग आली तेव्हा सव्वादोन झाले होते. तोवर अंथरूण ओलं झालं होतं.

पडल्या नाहीत. डॉक्टरांनी हे तीनदा सांगितलं. पडल्या असत्या तर काय झालं असतं, हे एकदाच सांगितलं आणि ते पुरेसं होतं.

अण्णा काही न बोलता वर गेले, बेलची वायर शोधली, जोडली, बटण दाबून बघितलं, सिस्टरांना खाली उभं करून पुन्हा दाबून बघितलं. दहा मिनिटांचं काम. मी दारात उभा होतो. आजींकडे बघायचं धाडस होत नव्हतं. शेवटी जवळ जाऊन म्हटलं, "आजी, वायर माझ्याकडून तुटली. चूक झाली." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय का? मला वाटलं, मलाच ते बटान नीट दाबाय येत न्हाय."

इतकंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. रात्री पाऊण तास ती बाई स्वतःलाच बोल लावत बटण दाबत राहिली होती. सबमिशनला चुकलेलं रीडिंग आपण खोडरबराने पुसतो. हे पुसायला काहीच नव्हतं.

खाली डॉक्टर अण्णांना विचारत होते की हे झालं कसं. मी तोंड उघडणार एवढ्यात अण्णा म्हणाले, "चूक माझी, डॉक्टर. पोरानं मला इचारलं होतं. मी बघून तोडाय सांगितलं." मला वाटलं, मला वाचवतायत. राहिलेल्या सगळ्या वायरी त्या दिवशी आम्ही एकेक करून गप करून बघितल्या. प्रत्येकीसाठी दोन-तीन मजले वर-खाली. अण्णांनी शेवटच्या दिवसाची मजुरी घेतली नाही.

परतताना उसाच्या रसाच्या गाड्यावर थांबलो. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही उगाच अंगावर घेतलं. मी वर जायचा कंटाळा केला. तुम्ही सांगितलेलं असून."

अण्णांनी रसाचा ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "मला ऐकूच आलं न्हवतं."

मला कळलं नाही.

"त्यो बारीक आवाज. दोन वर्सं झाली. माणसाचं बोलणं येतंय, लाइटची घूं येतीय, पर त्यो कुईं-कुईं न्हाय येत. लई मोठा असला तर हलकासा येतोय. कुठली मोठी आन् कुठली बारकी, ते न्हाय कळत."

मग ते "कुठं मोठं वाजतंय?" परीक्षा नव्हतीच. ते खरंच विचारत होते. कांडी कानाशी धरून दोन वायरींवर फिरवणं, क्षणभर थांबणं, "बरोबर" म्हणणं, हे सगळं माझ्या बोटाकडे बघून चाललं होतं. मी त्यांच्यावर विसंबून होतो आणि ते माझ्यावर. मध्ये खात्री कोणीच केली नव्हती.

"आधी का नाही सांगितलं?"

"कुणाला सांगू? लाइनमनला ऐकाय येत न्हाय म्हटल्यावर काम कोण दील?" मग थोड्या वेळाने, "तू सुट्टीला आलास म्हनून हे एवढं मोठं काम धरलं."

त्यांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायला मला त्यानंतर तीन आठवडे लागले. ऑडिओग्रामचा कागद हातात आला. आडव्या रेषेवर फ्रिक्वेन्सी, उभ्या रेषेवर डेसिबल. २५० आणि ५०० हर्ट्झला रेषा बरीच वर होती, १००० ला घसरायला लागलेली आणि ४००० ला पार तळाशी. मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यात स्वच्छ लो-पास फिल्टर. हे वाक्य मला तिथेच सुचलं आणि सुचल्याची लाजही तिथेच वाटली. डॉक्टर म्हणाले, वय. उंच सुरांपासून सुरुवात होते, बऱ्याच जणांचं असंच असतं. कानात लावायचं मशीन सुचवलं. अण्णा म्हणाले, दिवाळीनंतर बघू. कोणत्या दिवाळीनंतर ते बोलले नाहीत.

पण तो कागद मी कॉलेजला घेऊन आलो. ५०० हर्ट्झला बरं ऐकू येतं ना? मग टोनर ५०० ला का नको?

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला माझ्या दोन पार्टनरना लाइन फॉलोअर रोबो करायचा होता (दर वर्षी आपल्या डिपार्टमेंटमध्ये इतके लाइन फॉलोअर होतात की आता लाइनच कमी पडेल). त्यांना चहा पाजून पटवलं. गाइड सर म्हणाले, "हे बाजारात मिळतं." खरंच मिळतं. दिवे असलेली कांडीही मिळते, हेडफोन लावायची सोय असलेलीही मिळते. मी म्हटलं, "सर, आम्ही फ्रिक्वेन्सी बदलणार आहोत." "का?" या प्रश्नाला मी "लो फ्रिक्वेन्सी अॅप्लिकेशन" असं काहीतरी उत्तर दिलं. खरं उत्तर केबिनमध्ये देता आलं नसतं.

तपकीर गल्लीत जाऊन सामान आणलं. टोनरला दोन ५५५. पहिली सावकाश हेलकावणारी, तिचं आउटपुट दुसरीच्या पाच नंबरच्या पिनेला, म्हणजे दुसरीचा सूर वर-खाली होत राहतो. प्रोबला पुढे बीएफडब्ल्यू१० हे एफईटी, मागे एलएम३८६. ब्रेडबोर्डवर एका दुपारीच वाजलं आणि आम्ही कॅन्टीनला जाऊन पार्टी केली. पार्टी लवकर झाली. कारण फ्रिक्वेन्सी निम्मी केली की त्या पिकोफॅरडभर कपॅसिटरचा रिअॅक्टन्स दुप्पट होतो, म्हणजे येणारा सिग्नल निम्मा. गेन वाढवावा तर लाइटची घूं आधी वाढते. आणि खाली ५०० कडे सरकलो म्हणजे ५० च्या पटीतल्या सगळ्या हार्मोनिक्सच्या गल्लीत शिरलो. एक किलोहर्ट्झवाले मूर्ख नव्हते, हे आम्हाला दोन आठवड्यांनी कळलं.

कानाच्या जोडीला डोळ्यालाही दिसावं म्हणून दहा एलईडींची पट्टी लावायची ठरवली. आवाज जितका मोठा तितके दिवे. पहिल्यांदा ट्यूबलाइटखाली कांडी नेली तर वायर नसतानाच दहाच्या दहा दिवे लागले. कान घूं आणि कुईं वेगळं करतो. एलईडीला ते कळत नाही, त्याला नुसता गोंगाट कळतो. कान ही काय चीज आहे ते मला त्या रात्री पटलं. मग बँड-पास फिल्टर आला, एक स्टेज, मग दुसरी. एलएम३९१४ काढून एलएम३९१५ लावली. पहिली सरळ पट्टीने मोजते, दुसरी लॉगच्या पट्टीने, दर दिव्याला ३ डेसिबल. आपली वायर आणि शेजारची झिरपलेली वायर यांच्यातला फरक पटीत असतो, म्हणून लॉगच बरोबर. हिशेबाने सूर ४८० ला यायला हवा होता, डीएसओवर ५१२ आला. कपॅसिटरचा टॉलरन्स. पार्टनर म्हणाला, "रिपोर्टमध्ये ४८०च लिहू." मी ५१२ लिहिलं. का ते त्याला समजलं नाही.

रिपोर्टच्या पहिल्या चॅप्टरला 'हिस्टरी' लागते म्हणून शोधाशोध केली तर ग्रॅहॅम बेल सापडला. १८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात कुठे आहे ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोन शोधून काढलेला बेल एक यंत्र घेऊन गेला. दोन कॉइल आणि कानाला टेलिफोनचा रिसीव्हर. धातूजवळ गेलं की रिसीव्हरमध्ये आवाज. आधी करून बघितलेल्या चाचण्यांत यंत्र नीट चाललं होतं. अध्यक्षांच्या पलंगावर मात्र आवाज जिथे तिथे यायला लागला. मागाहून कळलं की गादीतच पोलादी तारा होत्या. शिवाय प्रमुख डॉक्टरांना खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून तपास तिथेच. गोळी डावीकडे होती. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. हे मी लायब्ररीत बसून वाचलं आणि पुढचं पान बराच वेळ उलटलं नाही. यंत्र खरंच वाजत होतं. पलंगाशेजारची दुसरीच वस्तू गात होती.

दिवाळीच्या सुट्टीत प्रोजेक्ट घरी नेला. गच्चीवर जुन्या वीस जोडी केबलचा तुकडा पसरला, एका टोकाला टोनर लावला, कोणत्या जोडीला ते अण्णांना सांगितलं नाही. अण्णांनी आमची कांडी उलटसुलट करून बघितली. पीव्हीसी पाइपात बसवलेली, चिकटपट्टी लावलेली, दिसायला भयाण. सवयीने त्यांनी ती कानाशीच नेली. दिव्यांकडे बघितलंसुद्धा नाही. एकेका जोडीवरून फिरवत गेले. मग एके ठिकाणी थांबले, मागे आले, पुन्हा तिथेच गेले.

"ही. काळा-हिरवा."

बरोबर होतं. मी म्हटलं, "दिवे बघून सांगितलं?"

"कसलं दिवं?" मग कांडी लांब धरून बघितली. "हे कशापायी लावलंस?"

"खात्री करायला."

"खात्री गप करून करायची असती," अण्णा म्हणाले आणि दोन तारा सोलायला घेतल्या. टेकवल्या. आवाज गप झाला. दिवेही विझले.

आई जिन्यातून ओरडली की करंज्या तळायच्या आहेत आणि तिची रॉकेलची बाटली कोणी नेली.

ओरल झाली. एक्स्टर्नलनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही पाच नंबरच्या पिनेवर. मार्क ठीक पडले. त्या नर्सिंग होमने नंतर अण्णांना काम दिलं नाही. इंटरकॉमची देखभाल आता दुसरा कोणी बघतो. वायरींना नंबर आम्हीच लावलेले आहेत, त्यामुळे त्याला सोपं जात असेल.

गेल्या महिन्यात गाइड सरांचा निरोप आला की डिपार्टमेंटच्या प्रदर्शनात मागच्या वर्षीचे चांगले प्रोजेक्ट मांडायचे आहेत, तुमचा घेऊन या. अण्णांना फोन लावला. जोरात बोलावं लागतं, त्यामुळे आमचे घरगुती फोन सगळ्या विंगला पाठ आहेत.

"अण्णा, ती कांडी पाठवता का एसटीनं? प्रदर्शन आहे."

"कदी?"

"शुक्रवारी."

"सोमवारच्या आत न्हाय जमणार," अण्णा म्हणाले. "कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याचं काम धरलंय. सोळा वायरी हायत, लेबल एकाला न्हाय."